पोखरणचे श्रेय कोणाचे? एका ग्रामीण महाविद्यालयातील प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या अनुदानित कला महाविद्यालयातील आहे. महाविद्यालयाचे, गावाचे आणि माणसांचे उल्लेख ओळख पटणार नाही अशा बेताने केले आहेत. मी तेथे राज्यशास्त्र शिकवते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला भारताचे परराष्ट्र धोरण हा विषय आहे आणि त्यात अणुधोरणावर एक छोटा घटक आहे. आमची मुले वापरतात त्या पुस्तकात तो चार पानांत आटोपतो. पोखरणच्या अणुचाचण्यांची १९७४ आणि १९९८ ही दोन साले ठळक अक्षरांत येतात, मधली चोवीस वर्षे एका वाक्यात जातात, आणि १९७४ च्या आधी काही घडले होते याचा तर मागमूसही लागत नाही.

वर्गातील बहुतेक मुले-मुली कोरडवाहू शेतीच्या घरांतून येतात. निंदण-डवरणीच्या दिवसांत, सोयाबीनच्या सोंगणीत आणि दिवाळीनंतर कापूस वेचणीला लागला की हजेरी निम्म्यावर येते. घरातील राजकीय निष्ठा मात्र बारा महिने टिकून असतात. कोणाचे वडील ग्रामपंचायतीत, कोणाचे काका बाजार समितीत, कोणाचा मोठा भाऊ एखाद्या नेत्याच्या मागे मोटरसायकलवर. या मुलांना राजकारण कळत नाही असे म्हणणे चुकीचे आहे. त्यांना ते घरातूनच कळते, पण बहुधा एकाच बाजूने कळते.

जून २०२५ मध्ये इस्राएलने आणि नंतर अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले. फोर्दो, नतांझ आणि इस्फहान ही नावे त्या महिन्यात आमच्या एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येत होती. जुलैत वर्ग सुरू झाले तेव्हा मुलांच्या डोक्यात हा विषय आधीच होता, आणि त्या उत्सुकतेचा उपयोग करून घ्यावा असे मला वाटले.

अडचण

६ ऑगस्टला, हिरोशिमा दिनाच्या निमित्ताने, मी वर्गात वादविवाद ठेवला आणि विषय दिला, ‘पोखरणचे श्रेय कोणाचे?’. एका गटाने १९७४ ची बाजू घ्यायची, दुसऱ्याने १९९८ ची, अशी सोपी मांडणी होती. पहिली दहा मिनिटे ठीक गेली. त्यानंतर सालांच्या जागी नेत्यांची नावे आली, नावांच्या जागी पक्ष आले, आणि शेवटी एका मुलाने दुसऱ्याच्या वडिलांनी सोसायटीच्या निवडणुकीत काय केले ते काढले. बाके सरकली. मी तास आवरता घेतला. कोणीतरी मोबाइलवर त्याचे चित्रण केले होते आणि संध्याकाळपर्यंत ते गावातील दोन-तीन गटांवर फिरले.

दुसऱ्या दिवशी दोन वेगवेगळ्या पक्षांचे स्थानिक कार्यकर्ते एकामागून एक प्राचार्यांना भेटून गेले. एकाचे म्हणणे होते की मॅडम मुलांकडून आमच्या नेत्याचा अपमान करवून घेतात. दुसऱ्याचेही शब्दशः तेच म्हणणे होते, फक्त नेता वेगळा होता. प्राचार्यांनी मला बोलावले आणि शांतपणे सांगितले, “मॅडम, विषय वाईट नाही. पण स्थानिक निवडणुका तोंडावर आहेत. नोट्स द्या आणि पुढे जा.”

तक्रारी आणि चित्रफीत ही वरवरची अडचण होती. खरी अडचण मला दोन दिवसांनी वर्गाची टिपणे वाचताना कळली. दोन्ही गटांनी मेहनत केली होती, दोन्ही गटांकडे तारखा होत्या, पण अणुकार्यक्रम ही एखाद्या माणसाने एका दिवशी उडवलेली वस्तू आहे असेच दोघेही धरून चालले होते. त्यामागे तीस-चाळीस वर्षांचे देशाचे राजकारण, युद्धे, दुष्काळ, परकीय मदत, परकीय बंदी आणि संसदेतील मौन आहे हे कोणाच्याच टिपणात नव्हते. आणि ते नसण्याला माझा प्रश्नच कारणीभूत होता. ‘श्रेय कोणाचे’ असे विचारले की उत्तरात एक नाव येणारच.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय प्राचार्यांनीच सुचवला होता. नोट्स सांगायच्या आणि घटक संपवायचा. परीक्षेच्या दृष्टीने त्यात काही बिघडले नसते, कारण परीक्षेत बहुधा पोखरणवर एक टीपच विचारली जाते. पण ज्या विषयावर मुले जिवाच्या आकांताने भांडली, तोच विषय अर्धवट सोडून देणे मला पटत नव्हते. भांडण मिटले नसते, फक्त वर्गाबाहेर गेले असते.

दुसरा पर्याय केवळ विज्ञान शिकवण्याचा होता. शेजारच्या कनिष्ठ महाविद्यालयातील भौतिकशास्त्राचे एक सहकारी यायला तयार होते. हा मार्ग सुरक्षित होता, पण राज्यशास्त्राच्या वर्गातून राज्यच काढून टाकण्यासारखा होता. तिसरा पर्याय जिल्ह्याच्या ठिकाणाहून कोणी तज्ज्ञ वक्ता आणण्याचा होता. त्याने तासभर समतोल भाषण केले असते, मुलांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि प्रत्येक जण आपले मत जसेच्या तसे घरी घेऊन गेला असता.

चौथा पर्याय मला एका विद्यार्थ्यामुळे सुचला. तो म्हणाला, “मॅडम, दुसऱ्याच्या धुऱ्याचं भांडण बरोब्बर समजते. आपल्या धुऱ्यावर गेलं की डोकं फिरते.” धुरा म्हणजे शेताचा बांध. तेव्हा मी ठरवले की आधी दुसऱ्याच्या वावरात जायचे. ज्या देशाच्या राजकारणात आमच्या गावातील कोणाचाही जीव अडकलेला नाही, अशा देशाचा अणुकार्यक्रम आधी वाचायचा, त्यावर प्रश्न विचारण्याची सवय करायची आणि मग तेच प्रश्न घेऊन भारताकडे परतायचे. देश निवडण्याची गरजच नव्हती. इराण मुलांच्या मोबाइलमध्ये आधीपासूनच होता.

प्राचार्यांना मी लेखी आराखडा दिला. त्यात चार प्रश्न होते. त्या वेळी सत्तेवर कोण होते आणि ती सत्ता कशाच्या आधारावर उभी होती? भीती कशाची होती? यंत्र, इंधन आणि विद्या कोणाकडून आली? आणि निर्णय कोणाला विचारून झाला? त्यांनी सही करताना एकच अट घातली, वर्गात चित्रण होता कामा नये. ती अट योग्यच होती.

पहिला टप्पा: इराण

पोळा झाल्यावर आम्ही सुरुवात केली. १९५१ मध्ये मोहम्मद मोसद्देग पंतप्रधान झाले आणि इराणच्या तेलाचे राष्ट्रीयीकरण झाले. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्या गुप्तचर यंत्रणांच्या मदतीने त्यांना हटवण्यात आले आणि शहा मोहम्मद रझा पहलवी यांची सत्ता घट्ट झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत ‘शांततेसाठी अणू’ ही कल्पना मांडली, १९५७ मध्ये इराणशी नागरी अणुसहकार्याचा करार झाला आणि १९६७ मध्ये तेहरानमधील ५ मेगावॅटची संशोधन भट्टी सुरू झाली. ती अमेरिकेने दिली होती. येथे वर्ग थांबला. “म्हंजे भट्टी अमेरिकेनंच देली होती?” हा प्रश्न एकाच वेळी तीन बाकांवरून आला. ज्या देशाने जूनमध्ये बॉम्ब टाकले त्याच देशाने पहिली भट्टी दिली होती हे एकदा कळल्यावर टपरीवरच्या गप्पा मुलांना पुरेनाशा झाल्या.

पुढचे टप्पे आम्ही बुशहर या अणुवीज प्रकल्पाच्या एकाच ठिकाणावरून वाचले. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव सुमारे चौपट झाले, शहाच्या हाती पैसा आला, १९७४ मध्ये इराणची अणुऊर्जा संघटना स्थापन झाली आणि २३,००० मेगावॅट अणुविजेचे स्वप्न जाहीर झाले. बुशहरला जर्मन कंपनीने १९७५ मध्ये काम सुरू केले. १९७९ मध्ये क्रांती झाली. नव्या राज्यकर्त्यांना हा प्रकल्प शहाची उधळपट्टी आणि पश्चिमेवरचे परावलंबन वाटत होता, त्यामुळे काम थांबले. मग इराकशी आठ वर्षे युद्ध झाले, त्यात अर्धवट उभ्या असलेल्या बुशहरवर इराकने वारंवार हल्ले केले, आणि इराकने रासायनिक अस्त्रे वापरली तेव्हा जगाने फारसे काही केले नाही ही जखम इराणच्या मनात राहिली. ज्या क्रांतीने कार्यक्रम बंद केला होता त्याच क्रांतीचे नेते युद्धाच्या काळात पुन्हा अणूकडे वळले. जर्मनी परत यायला तयार नव्हता. अखेर १९९५ मध्ये रशियाशी करार झाला आणि २०११ मध्ये बुशहरची वीज जाळ्यात आली. एका मुलीने फळ्यावर बुशहरचे चित्र काढले ते एका घराचे होते. पाया आजोबांचा, भिंती वडिलांच्या, एका बाजूची पडझड आणि वरचे टिनाचे पत्रे मुलाने टाकलेले. खाली तिने प्रत्येक थरासमोर साल लिहिले. त्या घटकातील ती सर्वांत चांगली आकृती होती आणि मी ती अजून वापरते.

युरेनियमचे संवर्धन म्हणजे काय हे समजावायला भौतिकशास्त्राचे सहकारी आले. त्यांनी सांगितले की खाणीतल्या युरेनियमचे हजार दाणे घेतले तर त्यात कामाचे सातच असतात. बाकीच्या ९९३ दाण्यांतून सुमारे सव्वाआठशे निवडून टाकले की कामाच्या दाण्यांचे प्रमाण चार टक्क्यांवर जाते, आणि तेवढे वीजनिर्मितीला पुरते. त्यानंतर आणखी सुमारे १६७ दाणे काढले की प्रमाण नव्वदीजवळ पोहोचते, आणि तेथे अस्त्र सुरू होते. म्हणजे निवडण्याचे बहुतेक कष्ट चार टक्क्यांपर्यंतच होऊन जातात. तूर निवडणाऱ्या घरांतील मुलांना हे लगेच उमगले, आणि मोठ्या देशांशी झालेल्या २०१५ च्या अणुकरारात इराणवर ३.६७ टक्क्यांची मर्यादा का घातली होती, २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडल्यावर इराण २०२१ मध्ये ६० टक्क्यांवर गेल्याने जग का हादरले, हे वेगळे सांगावे लागले नाही.

निवडणुकांचा परिणामही दिसत होता. २००२ मध्ये नतांझचे गुप्त केंद्र उघड झाले, २००३ मध्ये वाटाघाटी करून संवर्धन तात्पुरते थांबवले गेले, २००५ मध्ये अहमदीनेजाद निवडून आल्यावर ते पुन्हा सुरू झाले, आणि २००३ च्या वाटाघाटी करणारे रूहानी २०१३ मध्ये अध्यक्ष झाल्यावर नव्या कराराची वाट मोकळी झाली. अंतिम शब्द सर्वोच्च नेत्याचाच राहिला, तरी देशातील राजकारणाचा वारा फिरला की यंत्रांचा वेगही फिरत होता.

एक चूक

या टप्प्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती मी उशिरा ओळखली. वर्गात दोन मुस्लिम विद्यार्थी आहेत. इराणची चर्चा सुरू झाली की काही मुले नकळत त्यांच्याकडे पाहू लागली. एकदा कोणीतरी त्यांच्यातील मुलीला म्हणालेही, “तूच सांग ना आता.” मी ते ऐकले, पण तास रंगात आला होता म्हणून पुढे गेले. ती मुलगी त्यानंतर आठवडाभर आली नाही. सोंगणीचे दिवस असल्याने मी ते त्याच खात्यात टाकले. एका सहकारी शिक्षिकेने खरे कारण सांगितले तेव्हा मी तिच्या घरी गेले. ती रागावलेली नव्हती, थकलेली होती. म्हणाली, “मॅडम, इराण कुठं आहे हे मले बी नकाशातच पाहा लागते.”

दुसऱ्या दिवशी मी तिचे नाव न घेता वर्गात स्पष्ट सांगितले की कोणत्याही देशाच्या सरकारचा जबाब या वर्गातील कोणीही देणार नाही. हे वाक्य पहिल्याच दिवशी बोलायला हवे होते. दूरचा देश निवडल्याने वाद थंड होईल असे धरताना, तो देश वर्गातील प्रत्येकासाठी सारखाच दूर आहे की नाही याचा विचार मी केला नव्हता.

परत भारताकडे

भारताकडे वळण्याचा क्षण मी ठरवलेला नव्हता, तो एका नोंदीतून आला. सप्टेंबर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत इराणच्या विरोधात ठराव आला आणि भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले, असे एका मुलाने शोधून आणले. इराण तर आपला जुना मित्र, मग असे काहून? त्याच्याच पुढच्या ओळीत उत्तराचा एक भाग होता. दोनच महिने आधी, १८ जुलै २००५ रोजी, डॉ. मनमोहन सिंग आणि अध्यक्ष बुश यांचे अणुसहकार्याचे संयुक्त निवेदन झाले होते. अमेरिकेशी बोलणी चालू असताना आपला हात कोणत्या बाजूला वर गेला हे मुलांनी पाहिले, आणि इराणला विचारलेले चार प्रश्न आता आपल्यालाही विचारायचे आहेत हे मला सांगावे लागले नाही.

आम्ही चौदा मोठे ड्रॉइंग कागद घेतले. प्रत्येक कागदावर एक निर्णय, डावीकडे त्या वेळचे देशातील आणि जगातील राजकारण, उजवीकडे अणुकार्यक्रमात काय घडले ते. दोन नियम मुलांनीच केले. कोणत्याही नेत्याचे छायाचित्र लावायचे नाही, आणि ‘धाडसी’, ‘कमकुवत’, ‘ऐतिहासिक’ हे शब्द वापरायचे नाहीत. या नियमांमुळे लिहिणे अवघड झाले आणि भांडण जवळजवळ संपले.

पहिला कागद १९४८ चा होता आणि तो त्या मुस्लिम मुलीने मागून घेतला. स्वातंत्र्याला वर्ष व्हायच्या आत, संविधान तयार होण्याआधी, अणुऊर्जेचा कायदा झाला आणि त्यात गुप्ततेची तरतूद होती. ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता संरक्षणापुरती आहे, मग आपल्याकडे शांततेच्या कामालाही ती कशाला, असे एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी सभागृहात विचारले होते. शांततेचा आणि संरक्षणाचा उपयोग वेगळा कसा करणार हे मला माहीत नाही, अशा अर्थाचे उत्तर नेहरूंनी दिले होते. तिने हा प्रसंग कागदाच्या मधोमध लिहिला. पुढची साठ-सत्तर वर्षे भारताचे अणुधोरण ज्या दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभे राहिले, त्यांची कबुली त्या एका उत्तरात आहे, आणि माझ्या मते ती प्रामाणिक कबुली होती.

१९५६ च्या कागदावर ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ भट्टी आणि तिचे ब्रिटनमधून आलेले इंधन होते, तसेच कॅनडाने दिलेल्या भट्टीचा करार होता, जिच्यासाठी जड पाणी अमेरिकेने दिले. अलिप्ततेचे धोरण आणि सर्वांकडून घेतलेली मदत एकाच कागदावर शेजारी-शेजारी आली. १९६४ च्या कागदावर १९६२ चा पराभव, मे महिन्यात नेहरूंचा मृत्यू आणि १६ ऑक्टोबरचा चीनचा अणुस्फोट होता. शास्त्रीजींवर एका बाजूने अन्नटंचाई आणि दुसऱ्या बाजूने बॉम्बची मागणी करणारे खासदार असा दाब होता. त्यांनी शांततामय भूमिगत स्फोटाच्या अभ्यासाला संमती दिली, बॉम्बला नाही. जानेवारी १९६६ मध्ये तेरा दिवसांच्या अंतराने शास्त्रीजी आणि होमी भाभा दोघेही गेले. अणुकार्यक्रमाच्या प्रमुखपदी भाभांच्या जागी विक्रम साराभाई आले आणि वेग बदलला. या एका कागदापाशी वर्ग फार वेळ बोलत होता, कारण देशाचे मोठे निर्णय माणसांच्या आयुष्याच्या दोरीवरही टांगलेले असतात हे त्यांना नवीन होते.

१९७४ चा कागद सर्वांत कठीण गेला. ऑगस्टमधील वादविवादात सर्वांत मोठ्याने ओरडलेल्या मुलाने तो घेतला. त्याने शोधले की १८ मे रोजी पोखरणला स्फोट झाला तेव्हा देशात रेल्वेचा संप चालू होता. ८ मे रोजी तो सुरू झाला होता, हजारो कामगार तुरुंगात होते, बिहारमध्ये आंदोलन पेटले होते आणि पुढच्या वर्षी आणीबाणी येणार होती. त्याने ठळक अक्षरांत लिहिले, ‘संप मोडण्यासाठी स्फोट केला’. येथे मला निर्णय घ्यावा लागला. वाक्य काढायला सांगितले तर मी एका बाजूची ठरणार, राहू दिले तर चुकीचे लिहिले जाणार. मी त्याला तयारीच्या तारखा शोधायला लावल्या. स्फोटाची तयारी १९७२ पासून चालू होती, तेव्हा या संपाचा पत्ताही नव्हता. १९७१ चे युद्ध, बंगालच्या उपसागरात आलेले अमेरिकेचे ‘एंटरप्राइज’ जहाज आणि १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारात भारताला दिलेली दुय्यम जागा, ही कारणे आधीची होती. त्याने स्वतःच वाक्य बदलले आणि दोन्ही घटना शेजारी ठेवून खाली लिहिले, ‘एकाच महिन्यात’. मग त्यालाच आणखी एक गोष्ट सापडली आणि तो धावत कर्मचारी खोलीत आला. १९७४ च्या संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस मे १९९८ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री होते. दोन कागदांमध्ये त्याने लाल दोरा बांधला. त्या दोऱ्यावर श्रेयाचा एकही शब्द नव्हता, पण चोवीस वर्षांत भारताचे राजकारण किती उलटेपालटे झाले ते त्यावरून दिसत होते.

मधले कागद मुलांसाठी कोरेच होते, ते भरत गेले. अणुस्फोटांना विरोध असलेले मोरारजी देसाई. १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रमुक्त जगाची योजना मांडणारे राजीव गांधी. डिसेंबर १९९५ मध्ये नरसिंह राव यांच्या काळात चाचणीची तयारी अमेरिकेच्या उपग्रहांनी टिपली आणि ती थांबली. १९९६ मध्ये आघाडीचे दुबळे समजले जाणारे सरकार असतानाही भारताने चाचणीबंदी कराराला नकार दिला. हे कागद लागल्यावर १९९८ च्या कागदाचा आकार आपोआप बदलला. ११ आणि १३ मे यांच्यामागे किती सरकारांचे होकार, नकार आणि टाळाटाळ होती ते दिसू लागले.

शेवटून दुसरा कागद २२ जुलै २००८ चा होता. अमेरिकेशी होणाऱ्या अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढल्यावर लोकसभेत विश्वासदर्शक ठराव आला आणि २७५ विरुद्ध २५६ मतांनी सरकार टिकले. त्या चर्चेत राहुल गांधींनी आमच्याच जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या विधवेचे नाव घेतले होते आणि तिच्या गोष्टीचा संबंध ऊर्जेशी, म्हणून कराराशी, जोडला होता. वर्गातील कोणालाही हे माहीत नव्हते. सगळे शांत झाले. ज्याच्या घरी शेतीपंपाची लाइन पाळीप्रमाणे रात्री येते आणि जो स्वतः बॅटरी घेऊन ओलिताला जातो, तो मुलगा म्हणाला, “मॅडम, तिले कोणं इचारलं होतं काय, तुहं नाव घेऊ म्हून?” चौथा प्रश्न इतक्या जवळ येईल असे मला वाटले नव्हते. वर्गाने तिचे नाव कागदावर न लिहिण्याचे ठरवले. खाली दोन आकडे लिहिले. देशाच्या विजेत अणुविजेचा वाटा सुमारे ३ टक्के, आणि शेजारच्या चंद्रपूर औष्णिक केंद्राची क्षमता सुमारे २९०० मेगावॅट. इतकी वीज आमच्या उंबऱ्याशी तयार होते आणि तरी ओलित रात्री होते, यावर त्या दिवशी झालेली चर्चा पुस्तकातील चारही पानांपेक्षा मोलाची होती.

काय झाले

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर चौदा कागद व्हरांड्यात लागले. ऑगस्टमध्ये तक्रार करणारे दोघेही आले होते. एक जण १९९५ च्या कागदापाशी बराच वेळ उभा राहिला आणि काही न बोलता पुढे गेला. दुसऱ्याने आपल्या नेत्याचे छायाचित्र कोठे आहे असे विचारले. एका मुलीने त्याला नियम समजावून सांगितला आणि त्याने तो ऐकून घेतला. गावातील म्हातारी माणसे मात्र १९६४-६६ पाशी थांबत होती, कारण त्या वर्षांची टंचाई त्यांनी सोसली होती आणि रेशनचा लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, स्वतः खाल्ली होती.

एक तडजोड झाली आणि ती मला आजही सलते. २००८ च्या कागदावर त्या दिवशी लोकसभेत लाचेचा आरोप करत नोटांची बंडले दाखवली गेली याचा उल्लेख होता. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने आदल्या संध्याकाळी तो काढायला सांगितले आणि मी काढला. प्रदर्शन वाचवायचे होते, असे मी स्वतःला समजावले. तो उल्लेख खरा होता, जाहीर होता आणि कोणत्याही एका पक्षाची बाजू घेणारा नव्हता. निदान मुलांना विचारून काढायला हवा होता. इतरांच्या निर्णयांना चौथा प्रश्न लावणाऱ्या वर्गात मी तो मलाच लावला नाही.

परीक्षेत पोखरणवर टीपच आली. बहुतेकांनी ती चांगली लिहिली, काहींनी पाठांतरातूनच लिहिली. सोंगणी आणि वेचणीत ज्यांचे तास बुडाले त्यांच्यापर्यंत इराणचा टप्पा अर्धवटच पोहोचला आणि त्यांच्यासाठी कागद म्हणजे पुन्हा तारखाच राहिल्या.

आज वेगळे काय केले असते

वादविवादाचा विषय तसा दिला नसता, हे तर उघडच आहे. इराणवर मी सहा आठवडे घालवले, तीन पुरले असते. बुशहर, दाण्यांचे उदाहरण आणि २००५ चे मतदान एवढ्यावर परतीची वाट सापडली असती, आणि हजेरी चांगली असतानाच भारताचे कागद सुरू झाले असते. शेवटचा कागद अणुअपघाताच्या नुकसानभरपाईच्या २०१० च्या दायित्व कायद्याचा आणि २०११ मधील जपानच्या फुकुशिमाचा अपघात व जैतापूरचा अणुप्रकल्प यांचा होता. तो घाईत झाला. भोपाळच्या आठवणीमुळे पुरवठादाराच्या जबाबदारीचे कलम त्या कायद्यात कसे आले, आणि कोकणातील शेतकऱ्यांनी जमिनीसाठी केलेले आंदोलन, हे दोन्ही विषय विदर्भातील शेतकऱ्यांच्या मुलांना सर्वांत जवळचे होते आणि त्यांनाच सर्वांत कमी वेळ मिळाला.

क्रमही बदलला असता. दूरच्या देशातून घरी येण्याचा मार्ग उपयोगी ठरला, पण वर्ग सर्वांत शांत आणि सर्वांत जागा झाला तो आमच्याच जिल्ह्याच्या कागदापाशी. पुढच्या तुकडीसाठी मी पहिला तास २२ जुलै २००८ च्या कागदानेच सुरू करणार आहे, मग इराणला जाणार आहे आणि मग १९४८ ला. चौदा कागद कपाटावर गुंडाळून ठेवले आहेत. २००८ च्या कागदावर काढलेल्या ओळीची पांढरी पट्टी दिसते. ती ओळ पुन्हा लिहायची की नाही हे नवीन वर्गाला विचारून ठरवायचे आहे, आणि जुन्या वर्गातील ज्या मुलाने तो कागद लिहिला त्याला त्या दिवशी बोलावले आहे. ओलिताची पाळी दिवसा नसेल तर येतो, असे त्याने कळवले आहे.